मागे कोण आहे?

आज आपल्या सायकल क्लबातल्या मित्राच्या नावाने राइड काढली होती. त्याला जाऊन वर्ष झालं म्हणून साठ किलोमीटर. प्रत्येकाच्या हँडलबारला पिवळी फीत, त्याच्या हेल्मेटच्या रंगाची. घरी येऊन फोन उघडला तर ग्रुपवर पहिलाच मेसेज : "सरासरी वेग ३१!! आजवरची बेस्ट ग्रुप राइड. तो वरून बघत असेल."

हो, बघत असेल. महिन्याभरापूर्वी क्लबात आलेली मुलगी पंक्चर झालेली सायकल हातात धरून एकटी रस्त्याच्या कडेला उभी होती, तेही त्याने बघितलं असेल. तिचा मला फोन आला तेव्हा कळलं. एकतीस जणांच्या अंगठ्यांच्या वर्षावात कुणी विचारलंसुद्धा नाही, ती पोचली का?

अरे, तो आपला स्वीप होता, सगळ्यांच्या मागे राहून कुणी सुटत नाही ना बघणारा! शेवटचा माणूस पोचल्याशिवाय ज्याची राइड कधी संपली नाही, त्याच्या स्मरणार्थ आपण शेवटच्या माणसालाच टाकून आलो.

माझी पहिली २०० ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची २०० किलोमीटरची राइड, मी बऱ्याच जणांना सांगितली आहे, आज परत सांगते. वेळ साडेतेरा तास, आणि पंक्चर काढा नाहीतर झोपा काढा, घड्याळ थांबत नाही. १४० च्या आसपास माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, चार किलोमीटरवर परत बसलं. मी रडकुंडीला आले होते. त्याने टायर काढला आणि आतून बोट फिरवायला लागला, अगदी सावकाश. थांबला. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब. ट्रकच्या फुटलेल्या टायरातली केसाएवढी तार होती, बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. नेलकटरने ती ओढून त्याने माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ही आत असेल तर दहा ट्यूबा घाल, काय उपयोग?" टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणलं. ट्यूबला भोक कुठे आहे दिसलं, की टायरात कुठे शोधायचं ते लगेच कळतं. मी आजही तसंच बसवते.

पुढे समोरून वारा. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा किती कमी लागतो, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. शेवटचे पन्नास किलोमीटर तो माझ्यापुढे राहिला, दर थोड्या वेळाने मान वळवून बघत. पोचलो तेव्हा आठ मिनिटं उरली होती. एकटा असता तर हाच माणूस नऊ तासांत परत आला असता.

वेगात चालवणं वाईट नाही, मान्य. पुढे असणाऱ्याला मागचं दिसत नाही, तेही मान्य. पण मान वळवता येते ना?

रस्त्यावर जीव गेलेल्या सायकलस्वारांसाठी २००३ पासून 'राइड ऑफ सायलेन्स' निघते. कुणी बोलत नाही, वेग ताशी १९ किलोमीटरच्या आत. आपला मित्र अपघातात गेला नाही, झोपेत गेला. ("एवढी सायकल चालवून काय मिळालं" म्हणणाऱ्यांनी कृपा करून आज माझ्या वाटेला जाऊ नये.) पण आठवण काढायची तर अशी काढायला हवी होती.

आणि खरं सांगू? मीही पुढेच होते. पहिल्या सहांत. फीत फडफडत होती, पाय छान चालले होते, आणि मी एकदाही मागे बघितलं नाही. त्याच्याकडून एवढं घेऊन मीच बघितलं नाही. दुपारपासून हेच डोक्यात आहे. मगाशी मेसेज करणाऱ्यावर चिडून लिहायला बसले होते, त्याच्यावरचा राग आता बराच उतरलाय.

तिला घ्यायला गेले तेव्हा ती माझीच माफी मागत होती, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास". तिच्या टायरात आम्ही दोघींनी मिळून बोट फिरवलं. काच होती.

ती हे वाचत असेल, तर पुढच्या रविवारी ये. ट्यूब दोन आण. पंप आणि नेलकटर माझ्याकडे आहे, आणि मागे मी आहे.