काम महत्त्वाचं म्हणे!

सकाळी टपरीवर चहा घेताना समोर फ्लेक्स. साहेबांचा वाढदिवस, आणि कोपऱ्यात हात जोडून आमचा जुना नटमित्र. लगेच फोन लावला. म्हणतो, "भाऊ, कलाकाराला राजकारणाशी काय करायचंय? काम चालू राहिलं म्हणजे झालं."

डोकंच फिरलं. रझाकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आपण, आपल्याला हे कळू नये?

जर्मनीचा नट गुस्ताफ ग्रुंडगेन्स. हॅम्बुर्गात डाव्यांच्या गोतावळ्यात वावरलेला. १९३३ ला हिटलर आला, याची घटस्फोटित बायको एरिका मान देश सोडून गेली, हा राहिला. १९३४ ला हिटलरचा मंत्री गोअरिंगनं बर्लिनचं सरकारी थिएटरच हातात दिलं. नट मात्र कसला, बाप! गाजलेली भूमिका मेफिस्टोची, माणसाचा आत्मा मागणाऱ्या सैतानाची. रोज रंगमंचावर सौदा करायचा, रंग पुसला की स्वतःच गिऱ्हाईक.

मी एवढा का तापलो? तो गमजा आठवला म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी परभणीत राज्य नाट्य स्पर्धेची तालीम चालू होती. लाइटचे पैसे देणारा पुढारी येऊन बसला आणि नाटकातल्या सरपंचाच्या गळ्यातला गमजा त्याला खटकला. रंग त्याच्या पक्षाचा होता ना! मी दिग्दर्शक. गमजा काढला, दोन वाक्यंही काढली. लाइटवाले काका काही बोलले नाहीत. डिमरच्या वायरी हळूहळू कोपरावर गुंडाळल्या, बोर्ड सायकलला बांधला आणि गेले. दुसरा लाइटवाला आणला. प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या.

आता कुणीतरी लिहीलच, ग्रुंडगेन्सनं अर्न्स्ट बुश या कम्युनिस्ट गायकाला मरणातून वाचवायला धडपड केली. केली, मान्य. पण ते वजन आलं कुठून? गोअरिंगच्या मर्जीतूनच ना! युद्ध संपल्यावर रशियनांनी काही महिने डांबला, सुटला, आणि परत मेफिस्टो. परत टाळ्या.

जाऊ द्या, एवढं चिडून लिहायचं नव्हतं. फोनवर मित्राला बरंच बोललो, तो ऐकून घेत होता. तालमीत सरपंच तोच होता. विशीतलं पोरगं. गमजा हातात धरून विचारत होता, "सर, मग मी गळ्यात काय घालू?"

मी म्हणालो, "काही नको. मोकळाच ये."