वालांसचं मांजर आणि आपलं ॲनिमेशन धोरण

सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि गेमिंगसाठी नवं धोरण मंजूर केलं. २०५०पर्यंत ३,२६८ कोटी रुपये, गुंतवणूक, रोजगार. त्याआधी जूनच्या अखेरीस पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावे लागले होते. दोन्ही बातम्या मी इथे फ्रान्समध्ये, ल्यों शहरात वाचल्या. मला खटकलं ते हे की या दोन चर्चा एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. मराठीसाठी रस्त्यावर उतरणारे मुलांच्या पडद्याबद्दल बोलत नाहीत आणि धोरणवाले मराठीबद्दल.

ल्योंहून दक्षिणेला, रोन नदीकाठी वालांस नावाचं शहर आहे. वस्ती ६५,०००च्या आसपास, म्हणजे चिपळूणच्या जवळपास. तिथे १९८१मध्ये झाक-रेमी झिरेर यांनी फोलिमाज हा ॲनिमेशन स्टुडिओ काढला आणि तो तिथेच वाढवला, पॅरिसला हलवला नाही. २००९पासून तो शेजारच्या बूर-ले-वालांसमध्ये, बंदुकीची काडतुसं बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे.

त्यांचा 'उन व्ही द शा' हा २०१०चा चित्रपट मिळाला तर जरूर बघा. दिवसा झोए नावाच्या लहान मुलीजवळ राहणारं आणि रात्री एका चोराबरोबर पॅरिसच्या छपरांवरून हिंडणारं मांजर, अशी गोष्ट. झोएच्या वडिलांचा खून झालाय, तेव्हापासून ती बोलत नाही. आई पोलीस अधिकारी, त्याच खुन्याच्या मागावर. एवढं जड दुःख मुलांसमोर ठेवायला आपल्याकडचा निर्माता कचरेल. आलँ गान्योल आणि झाँ-लू फेलिच्योली या दिग्दर्शकांनी ते सत्तर मिनिटांत, हाताने काढलेल्या चित्रांत, कुठेही न रडवता मांडलं. २०१२मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार हॉलिवूडच्या 'रँगो'ला गेला. मला तर त्याहून जुना, १९९४चा सहा मिनिटांचा लघुपट जास्त आवडतो: मठातल्या पाण्यात मासा दिसतो आणि एक भिक्षू त्याच्या मागे वेडा होतो. एकही संवाद नाही. करणारा मायकेल डुडॉक दे विट हा डच. फोलिमाज बाहेरच्या कलावंतांना वालांसला बोलावून आपला चित्रपट करायला जागा आणि माणसं देतं, त्यातून हा लघुपट झाला. १९९९पासून त्यांच्या पुढाकाराने दिग्दर्शन शिकवणारी 'ला पुद्रियेर' ही शाळाही चालते. वर्षाला जेमतेम दहा विद्यार्थी.

टीव्हीवरही तोच बाणा. नव्वदच्या दशकात मुलांना पर्यावरण समजावणारी मालिका झिरेर यांनी केली. अलीकडे आर्ते वाहिनीसाठी मारियाँ मोंतेन यांच्या चित्रकथांवरून विज्ञानावरची तीन-तीन मिनिटांची खट्याळ मालिका झाली.

हे नुसत्या कलाप्रेमावर चालत नाही. फ्रान्समध्ये सिनेमाच्या प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के, चित्रपट हॉलिवूडचा असला तरी, कराच्या रूपाने १९४६मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातात आणि तिथून मोठा वाटा नव्या निर्मितीला मिळतो. वाहिन्यांवरही देशी निर्मितीत पैसे घालण्याचं बंधन आहे. शिवाय १९९४पासून शाळकरी मुलांना शाळेच्या वेळेत थिएटरात नेऊन चांगले चित्रपट दाखवण्याचा कार्यक्रम चालतो. तिथे प्रेक्षकही घडवला जातो, आणि मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

फ्रान्समध्ये सगळं आलबेल आहे, असं मुळीच नाही. इथलंही बरंच काम स्वस्त पडतं म्हणून आशियात जातं. पॅरिसमध्ये मुख्यालय असलेला, व्हिज्युअल इफेक्ट्सची कामं करणारा टेक्निकलर समूह फेब्रुवारी २०२५मध्ये कोसळला, तेव्हा बेंगळुरू आणि मुंबईतल्या आपल्या कलाकारांच्या नोकऱ्या एका रात्रीत गेल्या. दुसऱ्याच्या गोष्टीवर राबणाऱ्याचं भवितव्य दुसऱ्याच्या हिशेबवहीत असतं. आपलं नवं धोरण अशा नोकऱ्याच मोजत बसलं, तर मला भीती वाटते.

'मराठीत बाजार कुठे आहे?' असं पुण्यातले मित्र विचारतात. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख होते; अख्ख्या फ्रान्सची लोकसंख्या ७ कोटींच्या आत आहे. तरीही मुंबईत बनणारं 'मोटू पतलू' हिंदीत घडतं, मराठी त्यात आलीच तर डबिंगपुरती. बाजार तर वालांसलाही आयता मिळाला नव्हता.

आणि सरकारी पैशातून मुलांसाठी उत्तम काम होतं, हे आपल्याला परक्यांनी शिकवायला नको. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय. 'एक अनेक और एकता' हा १९७४चा ॲनिमेशनपट विजया मुळे या मराठी बाईंच्या हातून झाला, तोही फिल्म्स डिव्हिजनकडून, मात्र हिंदीत. 'किशोर'च्या जुन्या अंकांत कथा आणि चित्रं यांचा एवढा साठा पडलाय की दहा स्टुडिओंना वर्षानुवर्षं पुरेल.

म्हणून ३,२६८ कोटींतले मराठी बालचित्रपटांसाठी नेमके किती, हे विधिमंडळात कोणीतरी विचारावं. शिक्षण खात्याला या धोरणात जागा हवी. कोल्हापूर किंवा नागपूरला वर्षाला पाच जणांना तरी स्वतःचा लघुपट करण्यासाठी जागा, पगार आणि तंत्रज्ञ मिळावेत, आणि तयार झालेले लघुपट जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळेच्या वेळेत दाखवले जावेत.