खिसा आहे, हात पोचत नाही

पाण्याखाली पाच मीटरवर लटकलोय. मनगटावरचं कॉम्प्युटर सांगतंय की तीन मिनिटं थांबा, म्हणजे सेफ्टी स्टॉप, अंगात मुरलेला नायट्रोजन निवांत बाहेर पडू दे म्हणून. सध्या निवांत फक्त तो नायट्रोजनच आहे. माझा उजवा हात माझ्याच कमरेमागे एक खिसा शोधतोय आणि तो काही सापडत नाहीये. मगाशी बोटीवर होता हो, मी स्वतः हात घालून बघितला होता.

समोर भाची हाताची घडी घालून तरंगतेय. डायव्हिंगचं हे खूळ तिनेच माझ्या डोक्यात घातलं, आणि पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "मामा, जे लागेल तेवढंच घे." आता लागेल म्हणजे काय हेच तर माणसाला आधी कळत नाही ना! म्हणून मी टॉर्च घेतला, तो बंद पडला तर म्हणून दुसरा छोटा टॉर्च, दोरीबिरीत अडकलो तर कटर, कटर हातातून पडला तर अजून एक कटर, शिट्टी, आरसा, लिहायची पाटी, होकायंत्र, जादा मास्क, एसएमबी म्हणजे आपण कुठे आहोत ते बोटीला दिसावं म्हणून वर सोडायचा तो नारिंगी लांबडा फुगा, त्याची दोरी गुंडाळलेलं स्पूल, आणि कशाला लागतील माहीत नाही म्हणून चार सुट्या कड्या. भाचीच्या अंगावर तीन वस्तू होत्या. चार असतील फार तर, पण दिसत नव्हत्या, आणि न दिसणं हेच त्यातलं कौशल्य असतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पहिल्या सीझनला मी सगळं लटकवायचो. बीसीडी, म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट, त्याला ठिकठिकाणी डी-रिंगा असतात. रिकामी रिंग दिसली की मला बघवायचं नाही, काहीतरी अडकवायचोच. चालताबोलता किल्ल्यांचा जुडगा झालो होतो. असल्या डायव्हरला बाकीचे लोक ख्रिसमस ट्री म्हणतात हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं कौतुकाने बघतायत. मग एकदा लोंबणारा टॉर्च प्रवाळाला घासत गेला आणि गाईडने डोळे असे वटारले की मास्कच्या काचेतूनही ते पोचले. बरोबरच आहे म्हणा, त्यातले काही प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात आणि माझा टॉर्च एका झोक्यात दहा वर्षांचं काम उरकणार.

कड्यांचंही एक प्रकरण आहे. आधी मी त्या दाबल्या की आत उघडणाऱ्या कड्या वापरायचो, बॅगेला वगैरे असतात तशा. मस्त सोपं, एका बोटाने काम. एकदा उतरायच्या दोरीजवळ सगळ्यांची वाट बघत थांबलो होतो, मग निघालो, जोरजोरात फिन्स मारतोय, श्वास लागलाय, आणि समोरचा खडक काही जवळ येत नाहीये. मला वाटलं करंट आहे. हवेचा काटा बघतो तर टाकीतला दहा-एक बार दाब उडालेला, खडक तिथेच. भाची मागून आली, माझी कडी दोरीवरून सोडवली आणि पुढे निघून गेली. त्या कडीने स्वतःहूनच दोरी गिळली होती! या कड्यांना डायव्हर लोक सुसाइड क्लिप म्हणतात, हेसुद्धा मला नंतरच सांगितलं. एकूणच मला सगळं नंतर सांगतात.

मग बोल्ट स्नॅप आले. छोटी खिटी अंगठ्याने मागे ओढली तरच ते उघडतं, आपणहून कशातही अडकत नाही. प्रॉब्लेम एवढाच की पाच मिलिमीटरचे हातमोजे घातल्यावर अंगठा हा अंगठा राहत नाही, त्याचं रताळं होतं. शिवाय स्नॅप वस्तूला धातूच्या रिंगने जोडायचा नाही, नायलॉनच्या दोरीने बांधायचा, कारण मिठाने स्प्रिंग जाम झाली तर दोरी कापून मोकळं होता येतं, धातू कुठे कापणार? म्हणून एक अख्खी संध्याकाळ मी जमिनीवर मांडी ठोकून टॉर्चच्या मागच्या भोकातून दोरी ओवतोय, स्नॅपच्या डोळ्यातून घेतोय, परत ओवतोय, मधे दोन वेढे, गाठ, मग लायटरने टोकं वितळवून बोटाने दाबायची. लायटर विझल्याबरोबर नाही दाबायची, हे माझ्या अंगठ्यावर अजून दिसतं. आणि सगळं झाल्यावर कळलं की स्नॅप उलटा बांधलाय.

मग लटकवणं सोडलं आणि खिशांकडे वळलो. इथून खरे हाल सुरू.

जमिनीवर खिसा म्हणजे मान खाली घातली की दिसतो. पाण्याखाली मान खाली घालून बघा, मास्कची खालची कड आडवी येते, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, छातीवर त्याची नळी, त्यात जॅकेट थोडं फुगलेलं. स्वतःचं पोट मी पाण्याखाली आजपर्यंत पाहिलेलं नाही, ही तशी चांगलीच बाजू झाली. आणि जॅकेटमधे हवा भरली की खिसा ताणून चपटा होतो, अगदी पाकिटासारखा, म्हणजे तो आहे, पण त्यात हात घालायचा तर हात आधी इस्त्री करून आणायला हवा. वेल्क्रोचा असेल तर उघडताना असा चर्रर्र आवाज करतो की मासे सोडाच, आख्खा ग्रुप दचकतो आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या दिशेला बघतो, कारण पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटरने पळतो, हवेतल्या चौपटीहून जास्त, तो आला कुठून हे कानांना ठरवताच येत नाही. माझी अब्रू त्यामुळे दोनतीनदा वाचली आहे. झिपवाल्याचं वेगळं, ती मीठ धरून बसली की बसली.

पाटीचं तर बोलूच नका. पाटीला साधी लाकडी पेन्सिल दोरीने बांधलेली, ती पाण्याखाली छान लिहिते, पण लाकूड असल्यामुळे वर जायला बघते. म्हणजे खिसा जरा उघडा राहिला की पहिली ती बाहेर येऊन नागासारखी डोलायला लागते. गाईड मासे दाखवत असतो आणि लोक माझ्या कमरेकडे बघत असतात.

तर पाच मीटरवर. खिसा शेवटी सापडला, उघडला, चर्रर्र. फुगा बोटाला लागला, ओढला. खिशात सगळं हरवू नये म्हणून मी बंजीच्या एकाच फासात सगळ्याच वस्तू अडकवून ठेवल्या होत्या, त्यामुळे फुग्यामागून दुसरा टॉर्च, त्याच्यामागून पाटी, पेन्सिल, जादा मास्क, असं सगळं खानदान बाहेर आलं. अडकवलेलं नव्हतं ते एकटं स्पूल. ते सुटलं. मी झडप घातली, पण मास्कमधून वस्तू असते त्याहून पाव अंतर जवळ दिसते, मूठ मिटली ती नुसत्या पाण्यावर. स्पूलची दोरी फुग्याला बांधलेली होती म्हणून म्हटलं ठीक आहे, दोरी ओढून वर घेऊ. ओढली. स्पूल अजून खाली गेलं. पुन्हा ओढली, ते अजून उलगडलं. तीस मीटर दोरी होती, जितकी ओढतोय तितकी माझ्या भोवती जमतेय आणि स्पूल मजेत गिरक्या घेत खाली चाललंय. या गडबडीत मी छातीभर श्वास भरून घेतला असणार, कारण पाचाचे साडेतीन मीटर झाले, आणि मग कोणीतरी माझा फिन धरून मला पतंगासारखं खाली ओढलं.

भाचीने स्वतःच्या मांडीवरच्या खिशात हात घातला, फुगा काढला, त्यात एक फुंकर सोडली आणि फुगा वर. चार सेकंद. मग माझी लोंबती पाटी हातात घेतली, डोलणारी पेन्सिल पकडली आणि लिहिलं, "मामा, खिशातला टॉर्च चालू आहे."

कधीपासून, ते तिने लिहिलं नाही.

वर बोटीवर मी एका कोपऱ्यात बसून तीस मीटर दोरी गुंडाळत होतो. पण मला काळजी नव्हती, कारण एक गोष्ट मी अगदी पक्की केली होती, ती म्हणजे गाडीची रिमोटवाली किल्ली. 1943 साली कुस्तो आणि गान्यान या दोघांनी अ‍ॅक्वालंग बनवलं आणि पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते सुटलं, पण गाडीची किल्ली कुठे ठेवायची ते अजून कोणाला धड सुटलेलं नाही. भाची म्हणत होती बोटीवर ठेव, पण बोटीवर काय भरवसा. म्हणून मी रबरी रिंग असलेली जाड प्लास्टिकची वॉटरप्रूफ डबी आणली होती. तिचं झाकण वीस मीटरवर पाणीच असं दाबून धरतं की तुम्ही ठरवलंत तरी उघडणार नाही, बाहेर तीन बार दाब आणि आत बोटीवर बंद केली तेव्हाचा एक. आख्खा डाइव्ह ती माझ्या छातीवर घट्ट होती, दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होतो.

"बघ," म्हटलं, आणि सगळ्यांसमोर डबी उघडली. आत टिपूस पाणी नाही. सिलिका जेलची पुडी, कोरडी ठणठणीत. बस, एवढंच.

मी वेटसूट कमरेपर्यंत सोलला, आतल्या शॉर्ट्सच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढली. तिच्यातून पाणी गळत होतं. भाचीने ती माझ्या हातातून घेतली आणि बाकीच्या सामानाबरोबर गोड्या पाण्याच्या टबात टाकली.