तीन वेळा बिघडली म्हणून नवी गाडी मिळत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवरून आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि घरच्या. घरच्या ग्रुपवर तर आतेभावाने दोनदा टाकला. मजकूर थोडक्यात असा: "नव्या गाडीत एकच बिघाड वॉरंटीत तीन वेळा आला तर कायद्याने कंपनीला नवी गाडी किंवा पूर्ण पैसे द्यावेच लागतात. वॉरंटीत एक रुपयाही देऊ नका, मागितला तर ती फसवणूक. बाहेरच्या गॅरेजला चुकूनही नेऊ नका, वॉरंटी तिथल्या तिथे रद्द. डीलरशी बोलण्यात वेळ घालवू नका, कंपनीला धरा. गाडी वर्कशॉपलाच सोडून या आणि हप्ते थांबवा. ग्राहक कोर्टाच्या नादी लागू नका, तिथे फक्त वकील जगतात." खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

मी स्वतः नव्या गाडीपायी सहा महिने वर्कशॉपच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. म्हणून हे एकेक करून घेतो.

"तीन वेळा बिघडली की नवी गाडी." असा कायदा आहे, पण आपल्याकडे नाही. अमेरिकेत बिघडक्या नव्या गाड्यांसाठी ‘लेमन लॉ’ असतात, राज्याराज्याचे वेगळे. न्यू जर्सीत पहिली दोन वर्षं किंवा २४,००० मैल यांत एकाच दोषावर तीन प्रयत्न फसले, किंवा गाडी एकूण २० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर ग्राहकाचा दावा उभा राहतो. तिथल्या एडिसन गावात आपली मराठी माणसं काही कमी नाहीत, तेव्हा हा ‘तीन’चा आकडा तिथल्याच कुणा पुतण्याच्या अनुभवातून इकडे आला असावा, असा माझा आपला अंदाज. गंमत म्हणजे तिथेही कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवून शेवटची एक संधी द्यावी लागते. तो भाग फॉरवर्डमध्ये वाटेत गळाला.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यात ग्राहक आयोग, म्हणजे आपण ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतो तो, दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, पैसे परत आणि भरपाईही देऊ शकतो. ‘शकतो’ हा शब्द महत्त्वाचा. किती फेऱ्या झाल्या की काय मिळेल, असा हिशेब त्यात नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, क्लच असेंब्लीच्या दोषाच्या. न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच बंधन आहे, आणि अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला.

मग गाडी कधीच बदलून मिळत नाही का? मिळते. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात मिळाली. अपघातात पुढच्या एअरबॅगा उघडल्याच नाहीत. धडक तेवढी जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने सुनावलं आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. तिथे फेऱ्या मोजल्या गेल्या नाहीत, दोष कसला आणि त्याचा पुरावा काय, हे पाहिलं गेलं.

पुराव्याचंच जरा विस्ताराने सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये त्याचा एक शब्द नाही.

माझी गाडी पेट्रोलची. दुखणं सुरू झालं घेतल्यापासून चौथ्या महिन्यात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलो की इंजिन थरथरायचं, पिकअप जायचा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. घाट उतरलो की गाडी गुणी बाळ. वर्कशॉपला पोचेपर्यंत दिवा विझलेला. पहिल्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, घाटात सगळ्या गाड्या थोड्या ओढतात, नॉर्मल आहे." प्लग साफ केले, गाडी धुऊन दिली. दुसऱ्या खेपेला म्हणाले पेट्रोल भेसळीचं, टाकी साफ करावी लागेल, आणि ते वॉरंटीत बसत नाही. पैसे भरले. घरी येऊन दोन्ही जॉबकार्डं, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहितं ते कागद, काढून पाहिली. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात पहिल्यावर होतं ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘फ्युएल टँक क्लीनिंग’. म्हणजे कागदोपत्री माझ्या गाडीत बिघाड झालाच नव्हता. एकदा मी सहज डोकावलो होतो आणि एकदा टाकी धुवायची हौस आली होती.

तिसऱ्या खेपेला बायकोने घाटात लुकलुकत्या दिव्याचा व्हिडिओ काढला. वर्कशॉपला आधी ईमेल केला: तारीख, किलोमीटर, कुठल्या गिअरला, किती चढावर. जॉबकार्डावर माझं वाक्य माझ्या शब्दांत लिहून घेतलं, त्याशिवाय सही केली नाही. अ‍ॅडव्हायझरचं तोंड वाकडं झालं, झालं तर झालं. आणि एक गोष्ट सांगितली: स्कॅनर लावाल तेव्हा बिघाडाचा कोड पुसायच्या आधी प्रिंट द्या. दिवा विझला तरी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, जुना कोड बऱ्याचदा राहिलेला असतो, शिवाय त्या क्षणीचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमानही नोंदलेलं असतं. मेकॅनिकने सवयीने ‘क्लिअर’ दाबलं की तो पुरावा गेला.

कोड निघाला पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. तिथला एक वयस्कर मेकॅनिक मात्र खरा कारागीर निघाला. त्याने तिसऱ्या सिलिंडरचा इग्निशन कॉईल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, काढून पहिल्याला लावला, पहिल्याचा तिसऱ्याला, आणि म्हणाला, "चला, घाट मारून येऊ." वर पोचेपर्यंत कोड झाला होता पी०३०१. कॉईल जिकडे गेला तिकडे दुखणं गेलं. ना पेट्रोल, ना घाट. कॉईल वॉरंटीत बदलला, आणि त्या दोन कोडांच्या प्रिंट जोडून ईमेल केल्यावर टाकी साफ केल्याचे पैसेही परत आले. नवी गाडी मिळाली नाही, मागितलीही नव्हती. एका कॉईलसाठी गाडी बदला म्हटलं असतं तर कुठलाही आयोग हसला असता.

प्रकरण पुढे गेलंच असतं तर हेच कागद लागले असते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून उत्पादनातला दोष सिद्ध झाला नाही, असं म्हणून फेटाळलेल्या गाड्यांच्या तक्रारी ढिगाने आहेत.

"एक रुपयाही देऊ नका." ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर ही झिजणारी आणि संपणारी सामग्री, तिचे पैसे द्यावेच लागतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते. खरी भांडणं होतात क्लचवरून. "तुम्ही हाफ क्लचवर चालवता" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि कधी कधी ते खरंही असतं. जुनी क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट पाहायला मागा, फोटो काढा. प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळसर चट्टे असतील तर क्लच घसरत राहिलाय, मग वाद घालण्याआधी आपल्या पायाकडेही पाहावं. क्लच प्लेटच्या स्प्रिंगा तुटल्या असतील तर गोष्ट वेगळी. आणि रिकॉल, म्हणजे कंपनीने स्वतःच दोषासाठी गाड्या परत बोलावणं, ही बाब वॉरंटीपासून निराळी. २०२० मध्ये मारुतीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या. अशा वेळी काम फुकट होतं.

"बाहेरच्या गॅरेजला नेली की वॉरंटी रद्द." हे वर्कशॉपवाल्यांना फार आवडणारं वाक्य ग्राहकच फुकटात पसरवतात, याचं मला नवल वाटतं. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात म्हटलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, त्यामुळे हा आदेश खिशात घालून दादागिरी करायला जाऊ नका. पण पंक्चर काढलं किंवा व्हील अलाइनमेंट बाहेर केली म्हणून कुणी इंजिनाची वॉरंटी नाकारत असेल, तर ‘कुठल्या अटीनुसार, लेखी द्या’ एवढं विचारा. उलट ठरलेल्या सर्व्हिस चुकवू नका. आणि हौसेने हॉर्नसाठी, म्युझिक सिस्टिमसाठी वायरिंग कापून घेतलं असेल, तर पुढे विजेच्या बिघाडात कंपनीने हात वर केल्यावर तुमची बाजू लंगडी आहे.

"डीलरला सोडा, कंपनीला धरा." दोघांनाही धरा. वॉरंटी कंपनीची, पण जॉबकार्ड चुकीचं लिहिणं, गाडी उगाच अडकवून ठेवणं हा डीलरचा सेवेतला दोष. गोव्यातल्या एका ग्राहकाची तक्रार होती की डीलरने जुन्या सालाची, आधीच धावलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं: कंपनी आणि डीलर हे दोन स्वतंत्र व्यापारी, डीलरच्या करणीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही. फक्त कंपनीच्या मागे लागणाऱ्याचे हात रिकामे राहतात ते असे.

"ग्राहक कोर्टात वकीलच जगतात." तक्रार स्वतः मांडता येते, वकिलाची सक्ती नाही. ५० लाखांपर्यंतची गाडी असेल तर जिल्हा आयोग, आणि तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यातला चालतो. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला. फी ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, ती विसरू नका. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करून पाहा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. वेळ मात्र लागतो. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत, त्यावर भरवसा ठेवून सुट्ट्या टाकू नका.

"गाडी सोडून या, हप्ते थांबवा." कर्ज बँकेचं आहे, बिघाड बँकेने केलेला नाही. हप्ता चुकला की सिबिल तुमचंच खराब होणार आणि गाडी उचलून नेली तर तक्रारीतला मुख्य पुरावाही गेला. वर्कशॉपला टाकून दिलेल्या गाडीवर पार्किंगचे पैसे लावल्याची पत्रंही येतात. दुरुस्ती पटली नसेल तर गाडी घ्या, पण घेताना जॉबकार्डावर ‘दोष कायम’ असं लिहून सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ‘समाधानी आहे’ या छापील ओळीखाली सही करू नका, मग अ‍ॅडव्हायझर फीडबॅकला दहापैकी दहा द्या म्हणून कितीही गयावया करो.

आतेभावाची गाडी सध्या दुसऱ्यांदा वर्कशॉपला आहे, गिअर अडकतो म्हणून. म्हणूनच त्याला तो फॉरवर्ड इतका भावला. काल त्याला फोन करून म्हटलं, दोन्ही जॉबकार्डांचे फोटो पाठव. अर्ध्या तासाने आले. पहिल्यावर लिहिलं होतं ‘वॉशिंग’, दुसऱ्यावर ‘चेकअप’.