इंजिन एकच, पण गुण मारुतीला आणि शिव्या फियाटला

लग्नकार्यात चार माणसं सेकंडहँड डिझेल गाडीवर बोलायला लागली की त्यातला एक तरी छातीठोकपणे सांगणारच, "स्विफ्ट डिझेल डोळे झाकून घे, पुंटोच्या वाटेला जाऊ नको, फियाटची इंजिनं टिकत नाहीत." आणि बाकीचे माना डोलावतात. अरे, दोन्हीची बॉनेटं उघडून बघा की एकदा! आत तेच १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बसलंय, फियाटनेच डिझाइन केलेलं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, शेवरलेने स्मार्टेक, आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने सुद्धा आपल्या रिओ गाडीत तेच टाकलं. स्टिकर बदललं की लोकांची श्रद्धा बदलते, बाकी काही नाही.

थोडं इंजिनाबद्दल, कारण मला त्याचं खरंच कौतुक आहे. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बेल्ट नाही तर टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करवणारी साखळी. २००३ मध्ये युरोपात आलं, पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावाच्या कारखान्यात बनायचं, तेव्हा फियाट आणि जनरल मोटर्सची इंजिनात भागीदारी होती. २००५ मध्ये १ ते १.४ लिटरच्या गटात इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालं. डिझेल १४०० ते १६०० बार प्रेशरने आत जातं आणि एकाच फेरीत पाच वेळापर्यंत तुकड्यातुकड्याने फवारलं जातं, म्हणून जुन्या डिझेलसारखा खडखडाट कमी आणि ॲव्हरेज जास्त. ही कॉमन रेलची, म्हणजे एकाच पाइपातून सगळ्या सिलिंडरांना जास्त प्रेशरने डिझेल पुरवायची कल्पना सुद्धा फियाटच्याच लोकांनी कारसाठी वाढवली आणि मग बॉशला विकून टाकली, १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये ती पहिल्यांदा कारमध्ये आली. डोकं यांचं, धंदा दुसऱ्याचा, हे फियाटच्या कुंडलीतच आहे बहुतेक.

भारतात खरा धुमाकूळ २००७ च्या स्विफ्ट डिझेलने घातला. ७५ पीएस पॉवर, १९० न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद). कागदावर ७५ म्हणजे काहीच नाही वाटतं, पण टॉर्क बघा, २००० आरपीएमला येतो आणि मग गाडी अशी सुटते की शेजारच्या पेट्रोलवाल्याला कळतच नाही काय झालं. आता २००० च्या खालचं विचारू नका. ताम्हिणीत किंवा आंबा घाटात गाडी भरलेली आहे, हेअरपिनला दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम पडले की टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) झोपलेला आणि मागचा ट्रक हॉर्नवर बसलेला. पहिला टाकायचा, निमूटपणे. मारुतीच्याच ९० पीएस, २०० न्यूटन मीटरवाल्या (एसएक्स४, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा) मध्ये व्हेरिएबल टर्बो, म्हणजे वेगाप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारा टर्बो आहे, हायवेला त्या भन्नाटच, पण खालचा तो आळस त्यांच्यातही पूर्ण गेला नाही, उलट मला तर शहरात ७५ वालं जास्त सोपं वाटतं. यावर भांडायला या, मी तयार आहे.

आता टिकण्याचा विषय. या इंजिनाचा जीव ऑइलमध्ये आहे, आणि ऑइल बसतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्याच प्रेशरवर चालतो. म्हणजे लिटरभर ऑइल कमी झालं, किंवा दहा हजारला बदलायचं ते "अजून काळं कुठे झालंय" म्हणत वीस हजारापर्यंत ओढलं (डिझेलचं ऑइल पहिल्या आठवड्यातच काळं होतं हो, रंगावरून काय बघता), की चेन ढिली पडते, सकाळी स्टार्ट केल्यावर खरखर येते, मालक म्हणतो डिझेल आहे आवाज करणारच, आणि एक दिवस चेन दात सोडते. मग रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोला. टर्बोचंही तेच. त्याच्या शाफ्टला तेच ऑइल जातं, एक्सप्रेसवेवर शंभर-एकशेवीसने ताणून फूडमॉलला थांबल्या थांबल्या चावी फिरवली की तापलेल्या टर्बोत ऑइल जळून बसतं. मिनिटभर आयडलिंगला ठेवा, तेवढ्यात सगळ्यांच्या चपला पण सापडतात.

ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा) काजळी साठते, विशेषतः ज्यांची गाडी फक्त घर ते ऑफिस रांगते त्यांच्याकडे. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) पाइप चिरला की पिकअप जातो, काळा धूर येतो, आणि काही मेस्त्री सरळ टर्बो बदलायला सांगतात. आधी पाइप बघा. भेसळीच्या डिझेलने इंजेक्टर जातात आणि त्यांचं बिल बघून माणूस गप्प होतो.

पण हे सगळं स्विफ्टलाही होतं आणि पुंटोलाही. मग फरक कुठे पडला? मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावाला आहे, पार्ट दुपारपर्यंत मिळतो, गल्लीतल्या पोराला पण ते इंजिन तोंडपाठ. फियाट रांजणगावला इंजिनं बनवत होती, म्हणजे पुण्यापासून तासाभरावर, पण गाड्या विकायला आणि सर्व्हिसला बरीच वर्षं टाटाच्या डीलरांवर अवलंबून, मग २०१२-१३ च्या सुमाराला ते पण तुटलं आणि स्वतःचे डीलर मोजकेच. गाडी आठ-पंधरा दिवस पार्टसाठी उभी राहिली की मालक सांगणार काय? "इंजिन बेकार आहे." इंजिन बिचारं चांगलंच होतं, पार्ट यायचा नाही. उबर-ओलाच्या डिझायर बघा, तेच इंजिन दिवसरात्र पळवलं, तीन-चार लाख किलोमीटरच्या गाड्या आजही फिरतायत, कारण धंद्याची गाडी असल्याने ऑइल वेळेवर पडतं आणि इंजिन गरमच राहतं.

२०१२ मध्ये पेट्रोल सत्तरीच्या वर आणि डिझेल चाळीशीत होतं तेव्हा जो तो डिझेलच घेत होता, महिन्याला चारशे किलोमीटर फिरणारे पण. २०१४ ला डिझेलचे भाव मोकळे झाले, फरक आटला, आणि एप्रिल २०२० ला बीएस६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर हे इंजिन त्यात बसवणं परवडेना म्हणून मारुतीने डिझेलच बंद केलं.

म्हणून आता जुनी मल्टिजेट घ्यायचीच असेल तर लोगो सोडा आणि सकाळी गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या म्हणून निघा. स्टार्ट केल्यावर पहिल्या काही सेकंदांत पुढच्या बाजूला साखळी घासल्यासारखा आवाज येतोय का ऐका, डिपस्टिक काढा, ऑइलचं झाकण उघडून धूर भसाभसा येतो का बघा, आणि सर्व्हिसची बिलं मागा. मीटर फिरवता येतं, बिलं फिरवायला जरा जास्त मेहनत लागते. बिलं चोख असलेली फियाटची लिनिया आणि बिलं नसलेली चकचकीत स्विफ्ट शेजारी उभ्या असतील तर मी लिनियाच घेईन, मात्र पार्ट कुठून आणायचे ते आधी मेस्त्रीला विचारून.