माझ्याकडे वाघाचा फोटो नाही

परवा ऑफिसात एकानं विचारलं, "इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतोस, वाघाचा एक तरी फोटो आहे का?"

नाही. बिबट्याचाही नाही. राधानगरीला दोनदा जाऊन आलो, तर गव्याची पाठमोरी आकृती मिळाली, तीही हललेली. ताडोबा आम्हा कोल्हापूरकरांना महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. सफारी, मुक्काम, प्रवास असा सगळा हिशेब मांडला की तेवढ्यात घराची रंगरंगोटी होते, असं बायको म्हणते आणि ते खरंच आहे. पण म्हशीचे फोटो मागा. सकाळच्या धुक्यातली, चिखलात लोळून उठलेली, पाठीवर बगळा घेऊन रवंथ करणारी, अशा हव्या तितक्या देतो.

माझं जंगल म्हणजे रंकाळा तलाव. घरापासून स्कूटरवर आठ मिनिटं. सहाला पोचायचं, पावणेआठला परत, आंघोळ, डबा, ऑफिस. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स ७०-३०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. चौपाटीवर फिरायला येणारी माणसं सुरुवातीला थांबून विचारायची, "काय दिसतंय?" आता ओळखीची झालीत, तीच सांगतात, "तिकडं कायतरी निळं बसलंय बघा."

ते निळं म्हणजे बहुतेक वेळा जांभळी पाणकोंबडी असते. ही माझी लाडकी. निळाजांभळा अंगरखा, लालभडक चोच, वर लाल टिळा, आणि पाय एवढे लांब की पाण्यातल्या गवतावरून चालताना नव्या चपला घातलेल्या पोरासारखी दिसते. मऊ कोंब उपटून पोपटासारखा पायात धरते आणि खाते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोटो काढायचंच विसरलो. तो क्षण नीट मिळायला पुढं सात-आठ महिने गेले.

आणि नावं तरी काय आहेत आपल्याकडं! चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका म्हणून त्या बदकाचं नाव हळदीकुंकू. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा म्हणून तो वारकरी. शेपटी हलवत काठावर पळणारा तो धोबी. ही नावं ज्यांनी ठेवली ते पाण्याच्या काठावर रोज बसणारे लोक असणार, एका रविवारी येऊन गेलेले नव्हेत.

मुद्दा तोच आहे. लोक म्हणतात, त्याच त्या तळ्यावर रोज काय जायचं? मला वाटतं, रोज गेल्याशिवाय तिथं काही दिसतच नाही. खंड्या कुठल्या खांबावर परत येऊन बसतो ते पंधरा दिवस पाहिल्यावर कळलं. आता मी त्याच्या मागं धावत नाही. खांबापासून जरा लांब, सूर्याकडं पाठ करून उभा राहतो, तो आपणहून येतो. उडायच्या आधी बरेचसे पक्षी शिटतात, हेही असंच कळलं. हसू नका, उड्डाणाच्या फोटोसाठी याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. शेपटी उचलली की बोट बटणावर.

म्हशीचा फोटो सोपा वाटतो ना? काढून बघा. म्हैस काळी कुळकुळीत, तिच्या पाठीवर गायबगळा पांढराशुभ्र. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं जग मध्यम करडं करायची खोड. फ्रेमभर काळी म्हैस दिसली की तो उजेड वाढवतो, म्हैस राखाडी होते आणि बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. पिसं गायब. माझी पहिली दोन वर्षं अशा डागांत गेली. आता मी उजेडाचं माप बगळ्यावरून धरतो, एक्स्पोजर म्हणजे फोटोत येणारा उजेड एक-दीड घर खाली घेतो. म्हैस काळी राहिली तर राहू दे, ती आहेच काळी. ढगाळ सकाळ असेल तर सोनंच. पावसाळ्यात याच बगळ्याचं डोकं आणि मान पिवळीनारिंगी होते, लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागल्यासारखी. त्या रंगाला कडक ऊन चालत नाही.

गवताळ कडेला म्हशी चारणारे एक मामा आहेत. बरेच दिवस ते नुसते बघायचे. एके दिवशी म्हणाले, "सर, बगळ्याचं फोटू काढालायसा, आन् खालच्या म्हशीचं न्हाई व्हय?" मी स्क्रीनवर फोटो दाखवला. त्यांनी बगळ्याकडं बघितलंही नाही. "हिचं कान बघा कसं आल्यात," म्हणाले. तोवर मी म्हशीच्या कानांकडं कधी लक्षच दिलं नव्हतं.

आता जरा कडू बोलतो. या छंदात हल्ली गर्दी झालीय, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दगडाला. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ हातभर लांब लेन्स घेऊन आले होते. बदकं निवांत पोहत होती. त्यांच्यासोबतच्या पोरानं दगड मारला, थवा उडाला, यांच्या कॅमेऱ्याची खटखट सुरू. मी बोललो तर म्हणाले, "उडताना छान दिसतात." दिसतात की. पण हिवाळ्यात पाहुणी आलेली बदकं इथं पोट भरायला आणि विसावायला येतात, आपल्यासाठी कवायत करायला नाही. शहराच्या वेशीवर गवा आला की याचाच मोठा अवतार बघायला मिळतो. चारी बाजूंनी मोबाईल, आरडाओरडा, आणि बिथरलेलं जनावर धावून आलं की दोष त्याचाच.

पण मी काही धुतल्या तांदळाचा नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवरच्या मधुमालतीत शिंजीर या चिमुकल्या पक्ष्यानं घरटं केलं होतं. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, वाळक्या काड्या असं विणून मादी एकटीच ती लोंबती पिशवी तयार करते, अंडीही तीच उबवते. पिल्लं झाली. नर-मादी दोघंही भरवत होते. मला फोटो हवा होता, मध्ये तीन पानं येत होती. मी कात्रीनं कापली. फक्त तीन पानं. फोटो अप्रतिम आला, इथंच टाकला होता, आजवरचे सगळ्यात जास्त लाईक त्यालाच मिळाले. दुसऱ्या दिवशी कठड्यावर कावळा बसलेला दिसला. तिसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं होतं.

कावळ्यानं पानं असतानाही घरटं शोधलंच असतं, असं मला अनेकांनी समजावलं. असेल. मादी दोन दिवस त्या वेलाभोवती येत होती, एवढं मला माहीत आहे. पोस्ट काढून टाकली. तेव्हापासून घरट्याचा फोटो काढत नाही, आणि कुणी टॅग केला तर लाईकही करत नाही. यावरून दोन मित्र नाराज आहेत. राहू देत.

पिंजऱ्यातल्या पोपटाचंही तेच. एका नातेवाइकांनी मोठ्या हौसेनं बोलावलं, "आमच्या मिठ्ठूचा छान फोटो काढ." आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगितलं तर चहा गार झाला आणि संबंधही. त्यापेक्षा आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याजवळचं काळं कुत्रं बरं. त्याला कुणी बांधलेलं नाही, कॅमेरा दिसला की जांभई देतं आणि कूस बदलतं. त्याचे पन्नासेक फोटो आहेत, त्यातले चाळीस जांभईचे.

५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडं पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून. त्या आठवड्यात दरवर्षी कुणीतरी विचारतं, "आम्हाला कुठं नेशील?" मी रंकाळा म्हणालो की त्यांचा चेहरा पडतो. पण जे सकाळी सहाला येतात, त्यातले एक-दोघं पुढच्या आठवड्यात एकटेच दिसतात. मी ओळख दाखवत नाही, लांबून हात करतो.

दिवाळी पाडव्याला मामांनी म्हशीची मिरवणूक बघायला बोलावलं होतं. कोल्हापुरात हा सण म्हशींचा. शिंगं रंगवलेली, मोरपिसं, रेशमी गोंडे, अंगावर केस भादरून काढलेली नक्षी, आणि पुढं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं धावणारी म्हैस. त्या आवाजात आणि धुरळ्यात मी तीनशेवर फोटो काढले, नीट आला तो एकच. मामांची म्हैस, मान वर, दोन्ही कान पुढं.

तो फ्रेम करून दिला. गेल्या आठवड्यात त्यांच्या गोठ्यात गेलो तर लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला. खाली म्हैस कडबा खात उभी. मामा म्हणाले, "आता रेडकाचा काढा की, चार दिवसांचं हाय. पण दिवा लावू नगासा, बुजतंय."

शनिवारी जायचंय.