नोंद नाही म्हणून लग्नच नाही, असं नसतं

नमस्कार. परदेशातल्या आंतरधर्मीय लग्नांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमची पुतणी हिंदू, नवरा मुस्लिम, दोघंही भारतीय नागरिक. लग्न लीड्सच्या रजिस्टर ऑफिसात झालं, इथे त्याची कुठेच नोंद नाही. आता ती ठाण्यात पाचपाखाडीला माहेरी आहे आणि तो तिकडेच. तुमचं म्हणणं असं, की भारताच्या दृष्टीने हे लग्नच नाही आणि माझा लेख अशा मुलींना उगाच कोर्टाची पायरी चढायला लावतो. फार तर आधी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, म्हणजे धर्म न पाहता लग्न लावणाऱ्या कायद्याखाली, नोंद करावी, मग बघावं, असंही तुम्हाला कुणी सांगितलंय.

नोंदीचा हा सल्ला तिला पाळताच येणार नाही. १९५४ च्या त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधीच झालेलं लग्न नोंदवायचं, तर दोघं लग्नापासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावे लागतात. संसार मोडून माहेरी आलेल्या मुलीने हे कुठल्या तोंडाने लिहून द्यायचं?

तिचा आधार वेगळा आहे: १९६९ चा फॉरेन मॅरेज ॲक्ट, कलम १८. परदेशात झालेल्या लग्नात निदान एक जण भारतीय नागरिक असेल, तर स्पेशल मॅरेज ॲक्टमधल्या घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा या तरतुदी त्या लग्नालाही लागू होतात. लग्न भारतीय वकिलातीतच लागलेलं असावं अशी अट नाही. तिथल्या कायद्याने लागलेलं लग्नही त्यात येतं. कलम १७ मध्ये नोंदणीची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे.

‘लग्नच नाही’ या वाक्याची मला भीती वाटते, कारण ते ऐकून माहेरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण सुटतो तो नवरा. पोटगी मागितली की तो हेच वाक्य पुढे करतो. मुलगी मात्र इंग्लंडच्या कायद्याने त्याची बायकोच राहते. उद्या घरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं, तर गुन्ह्याची टांगती तलवार तिच्याच डोक्यावर येईल. कृपा करून तिच्यासमोर हे वाक्य पुन्हा म्हणू नका.

तुमच्या शंकेत एका ठिकाणी मात्र तथ्य आहे. कलम १८ सरसकट सगळ्यांना मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्यात त्या लग्नाला दाद मिळत असेल, तर १८(४) हा दरवाजा बंद करतं. दोघंही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायदा आहेच. नवरा ख्रिस्ती असता, तर १८६९ च्या घटस्फोट कायद्याचा विचार आधी करावा लागला असता, कारण तिथे अर्जदार किंवा सामनेवाला यांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी पुरतं. अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा हे चुकलं, तर वर्षं वाया जातात. तुमच्या पुतणीच्या बाबतीत हा अडसर मला दिसत नाही.

नवरा भारताबाहेर असल्याने ती स्वतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात, म्हणजे ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, अर्ज करू शकते. पण घटस्फोटासाठी दोघांचं कायम वास्तव्याचं ठिकाण, कोर्टाच्या भाषेत डोमिसाइल, भारत असावं लागतं. नवरा लीड्सलाच कायमचा स्थिरावला असेल, तर पत्नीसाठी दुसरी वाट आहे: लग्नाआधी तिचं डोमिसाइल भारतात असावं आणि अर्जाआधीची सलग तीन वर्षं तिने इथे राहून काढलेली असावीत. ती कधी परत आली हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात आधी तपासायची गोष्ट तीच आहे.

तीन वर्षं झाली नसली तरी तिने हातावर हात ठेवून बसू नये. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १४४ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. त्यांना ही तीन वर्षांची अट नाही. दरम्यान लीड्सहून लग्नाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत मागवा आणि त्या प्रतीवर ब्रिटनमधूनच अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा तिथला सरकारी शिक्का, करून घ्या. तो शिक्का इथे चालतो, भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.